सात गुंठे गवत

लोटनभाऊ, रामराम.

तुला पत्र लिहायची वेळ आजवर आली नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मला तुझ्याशी बोलायला कागद लागत नव्हता. बांधावर उभं राहून हाक मारली की झालं. तू माघात गेलास, आता वैशाख अर्धा सरला. उद्या सकाळी मी, तुझी भागा म्हणजे माझी भागावहिनी, आणि माझा धाकटा भाऊ नथू असे तिघे गाडी जुंपून नंदुरबारला रजिस्टर कचेरीत जाणार आहोत. चोवीस वर्षं अडून राहिलेला आपला अदलाबदलीचा दस्त उद्या होईल. मसुदा माझ्या मांडीवर आहे. तुला वाचून दाखवल्याशिवाय मी त्याचा एकही मसुदा पुढे नेला नाही, मग हा तरी कसा नेऊ?

हसू नकोस. तुझ्याशी मी असल्या पुस्तकी भाषेत कधी बोललो नाही हे मला ठाऊक आहे. पण हातात टाक आला की माझी जीभ बदलते, त्याला माझा इलाज नाही. तू म्हणायचास, "मास्तर, तू लिखस तव्हय कोनी दुसराच मानूस वाटस." शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला मास्तर म्हणणारा गावात तू एकटाच. आता मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. पत्र वाचून घ्यायला लोक येतात, ओट्यावर बसतात, वाचून झालं की उठतात. पत्र नसताना येऊन बसणारा कोण होता, सांग बरं?

दुपारची वेळ आहे. आपल्या बांधावरच्या लिंबाखाली बसून लिहितो आहे. भाकरीचं फडकं सोडलं होतं. दोन हिरव्या मिरच्या आणल्या, एक तशीच राहिली.

तुला आठवतं का, जर्मनची पहिली लढाई चालू होती तेव्हा हे सगळं सुरू झालं? आता दुसरी चालू आहे. नाल्याकाठी आपले चार नंबर एका ओळीत. एक्केचाळीस माझ्या बापाचा, बेचाळीस तुझा, त्रेचाळीस पुन्हा माझ्या बापाचा, चव्वेचाळीस पुन्हा तुझा. कुणी अशी वाटणी केली असेल कोण जाणे. एका नंबरातून दुसऱ्यात जायला तुला माझं वावर तुडवावं लागे आणि मला तुझं. एक दिवस माझी कपाशी तुझ्या बैलांनी मोडली आणि मी भांडायला आलो. तू जू खाली ठेवलंस आणि म्हणालास, "आत्मा, हाई काय येडापन शे? रोज मी तुन्हा वावरमाईन जास, तू मन्हा वावरमाईन. मधला दोन्ही बदली लेऊत."

इतकंच. बेचाळीस मला, त्रेचाळीस तुला. मग माझे दोन सलग, तुझे दोन सलग, मध्ये एकच बांध.

तेव्हा आपण दोघे विशी-बाविशीतले. म्हातारे पोलीस पाटील साक्षीला होते, ते जाऊनही आता किती वर्षं झाली. याच लिंबाखाली गुळाचा खडा फोडला. मग तू तुझी पाभर घेऊन माझ्या त्रेचाळिसात उतरलास आणि मी माझी घेऊन तुझ्या बेचाळिसात. एकमेकांच्या वावरात पहिली पेरणी एकमेकांनी केली, ज्वारीची. पाटील म्हणाले, "व्हयनं. आते देव देखी ऱ्हायना." तू खूश, मी खूश. कागदाचं नावही कुणी काढलं नाही. काढणार कोण? त्या दिवशी मलाही तुझ्यासारखंच अक्षर ओळखता येत नव्हतं.

मी शिकलो ते नंतर. वाण्याच्या पुडीचे कागद तू जमवून आणायचास, मिठाचे, सुपारीचे. मी ते मांडीवर सरळ करून एकेक अक्षर लावायचो. बालबोध दोन वर्षांत आलं. मोडीला चार लागली, तीही बापाच्या जुन्या पावत्यांवरून. पुढे मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनानं माझा अर्ज वाचून विचारलं, कोणत्या शाळेत होता? मी म्हटलं, वावरात. हे मी तुला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल आणि तू पन्नासही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसलास. "तू बी शिक," असं म्हटलं की मात्र हात झटकायचास. "तू शिकना ना? मंग दोन्हीसनं व्हई गयं."

वाचता यायला लागल्यावर मी चावडीत जाऊन हक्काच्या नोंदीचं पुस्तक पाहिलं. पाहिलं आणि गार झालो. कागदावर काहीच हललेलं नव्हतं. अजून तेच, माझा, तुझा, माझा, तुझा. मी कसतो ते बेचाळीस तुझ्या नावे. तू कसतोस ते त्रेचाळीस माझ्या आणि नथूच्या नावे, कारण बाप गेल्यावर आम्हा दोघांची नावं लागली होती. सारादेखील आपण आपापल्या जुन्या नंबराचाच भरत होतो. तलाठी म्हणाले, रजिस्टर दस्त करा, मग फेरफार लिहितो. सरळ गोष्ट होती. एका दिवसाचं काम.

त्या एका दिवसाची इतकी वर्षं मी केली, लोटन.

पुस्तकात क्षेत्र लिहिलेलं असतं. तुझा बेचाळीस चार एकर बारा गुंठे. माझा त्रेचाळीस चार एकर एकोणीस गुंठे. म्हणजे मी तुला सात गुंठे जास्त दिले होते. मला ते परत नको होते, देवाशपथ नको होते. पण कागदावर खोटं लिहायचं नाही हा माझा हट्ट. मसुद्यात मी लिहिलं, 'त्रेचाळीस नंबराचे क्षेत्र सात गुंठे अधिक असून.' तू म्हणालास, ते काढ. समसमान लिही.

"समसमान नही शे," मी म्हटलं.

"सात गुंठा म्हंजे कितलं, ते दखाड माले."

मग मी माझी दोरी आणली. सुंभाची, तेहतीस फूट, सोळा गाठी, मी स्वतः वळून गाठी मारलेली. मोजणीदाराच्या साखळीइतकीच लांब. ओली झाली की आखडते म्हणून भर उन्हातच वापरायची. एक टोक तू धरलंस, एक मी. चौक आखून तुला दाखवलं, ही दोरी चारी बाजूंनी फिरवली की एक गुंठा. असे सात. तू त्या चौकाभोवती एक फेरी मारलीस आणि पायानं ढेकूळ फोडलंस. मग बिडी पेटवून म्हणालास, "सात गुंठा लिखशी, तर मी मराना नंतर कोनीतरी त्या सात गुंठा मांगी. देखजो."

मी हसलो होतो. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्यानं मला कागदाचे धोके सांगावेत, असं मनात आलं होतं. आता लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

असे आपण दोघे अडून बसलो. सात गुंठे लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही, लिहिले तर तू अंगठा देणार नाहीस. भांडण नव्हतं. दुपारची भाकरी एकत्रच होती. वर्षातून एकदा विषय निघायचा आणि तिथंच बसायचा.

एकदा तर तू तयार होऊन आला होतास. त्या सकाळी तू धुतलेला सदरा घातला होतास, बैल जुंपले होते आणि मला हात पुढे करून दाखवलास. "देख, अंगठा बी धुई ऊनू. आज नंदुरबार करी टाकू." मी विचारलं, सात गुंठे लिहू ना? तू म्हणालास, "मास्तर, गाडीमा बस. रस्ताले बोलूत." मी बसलो नाही. आधी ठरू दे, म्हटलं. तू पाच मिनिटं गाडीवर बसून राहिलास, मग बैल सोडलेस. सदरा काढून झाडाला टांगलास आणि निंदायला गेलास. तो दिवस मला परत मिळाला तर मी काय करीन, हे तुला वेगळं सांगायला हवं का?

आणि मी बोलायचो किती! रनाळ्याच्या बाजारात, चावडीत, सोयऱ्यांत. लोटनकडे माझे सात गुंठे जास्त गेले आहेत, पण मी मागत नाही. हे शेवटचं वाक्य म्हणताना मला फार मोठं वाटायचं. लोक मान हलवायचे. नथू पण ऐकत असायचा, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आणखी एक बोलायचो, तेही आज कबूल करतो. त्रेचाळिसात, आपल्या बांधाला लागून, तू एक पट्टा कधी पेरत नसायचास. नुसतं गवत. तुझी पाभर बांधापासून आठ-दहा पावलं अलीकडेच वळायची. मी चारचौघांत म्हणायचो, लोटन आळशी, बांधापर्यंत औत नेत नाही. तुला तोंडावरही म्हटलं आहे. तू म्हणायचास, "गवतले बी जागा लागस ना, मास्तर." आणि श्रावण-भादव्यात गवत कमरेएवढं वाढलं की हाक यायची, "नथू, गवत लयी जाय." आमचे बैल त्यावर दोन-दोन महिने काढायचे. मला वाटायचं, तुझा हात सैल, म्हणून देतोस.

तुझं शेवटचं दुखणं पाच दिवसांचं. छातीत कफ भरला, ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. मी दस्ताचं काढलं नाही, तूही काढलं नाहीस. तू इतकंच म्हणालास, "बांधवरनं गवत कापी लयी जा रे. सुकी जाई." मला वाटलं, तापात बरळतो आहेस.

तू गेल्यावर वारसाची नोंद लागली. सर्कलसाहेब चावडीत आले. भागावहिनी पदर डोक्यावर घेऊन खांबाला टेकून उभी होती. तुमची मुलगी पिंप्रीला सासरी, तिला येता आलं नाही. साहेबांनी विचारलं, मयताचं नाव? वहिनी खाली बघत राहिली. ती कशी घेणार तुझं नाव? मी सांगितलं. चावडीत तुझं नाव माझ्या तोंडून 'मयत' म्हणून निघालं.

साहेबांनी वाचलं, बेचाळीस आणि चव्वेचाळीस मयताच्या नावे, वारस बायको. कुणाची हरकत? तेव्हा नथू उठला.

"साहेब, बेचाळीसमा आम्हनी हिर शे. चोवीस वरीस व्हयनात, आम्हीच कसतस. आनि त्रेचाळीस तर कागदवर आम्हनंच नाव शे. ते या बाईना ताबामा काब्र?"

म्हणजे बघ, बेचाळीस आमच्या विहिरीनं आणि वहिवाटीनं आमचा आणि त्रेचाळीस कागदानं आमचा. तुझ्या बायकोला उरला एक चव्वेचाळीस, त्यात अर्धा खडक. तिचं पोट त्रेचाळिसाच्या काळ्या मातीवर चालतं हे नथूला काय माहीत नव्हतं? मी त्याला खाली ओढलं. तो माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, तूच सांगं व्हतं ना गावले, सात गुंठा जास्ती गयात म्हनीसन? मंग आते काब्र मुका व्हयना? मन्हा दोन आंडोर शेतस. तुन्हं काय, एकला जीव."

त्याला दोन मुलगे आणि मी एकला जीव, हे खरंच. बायको जाऊन सोळा वर्षं झाली, मूल नाही. तुला तर ठाऊकच आहे. पण ते चावडीत ऐकताना त्याला ओढणारा माझा हात सुटला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लिहिता-वाचता म्हणे. तुमचं म्हणणं काय?"

इथं मी काय बोलायला हवं होतं, लोटन? अदलाबदल झाली आहे, त्रेचाळीस या बाईचा आहे. एवढी दोन वाक्यं. पाटील गेले, तू गेलास, आता त्या गुळाचा साक्षीदार जगात मी एकटा. आणि मी म्हणालो, "आठ दिवसांची मुदत द्यावी. कागद पाहून सांगतो." मनात पुन्हा तेच, सात गुंठ्यांचं काय सांगायचं, सांगितलं तर नथू ते धरून बसेल, नाही सांगितलं तर मी खोटा. साहेबांनी मुदत दिली. वहिनीनं एकदाच वर पाहिलं. ती रागावली नव्हती. तू बैल सोडलेस त्या दिवशी तुझ्या तोंडावर जे होतं तेच तिच्या तोंडावर होतं.

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. कागद काढून बसलो, पण कागदात पाहण्यासारखं होतं काय? सगळं मला तोंडपाठ.

पाचव्या दिवशी सकाळी त्रेचाळिसात औत दिसलं. वहिनीनं भाड्यानं नांगरटी लावली होती. हातचं जाईल की राहील हे ठाऊक नसलेल्या वावराची ती नांगरटी करून घेत होती. मी बांधावर आलो. औतवाला बांधाकडे येत होता आणि आठ-दहा पावलं अलीकडून वळत होता. तुझ्यासारखाच. मी त्याला हाक मारली, बांधापर्यंत ये की, जमीन का सोडतोस? तो म्हणाला, बाईनं सांगितलं आहे, तिथं औत लावायचं नाही.

वहिनी पलीकडे धसकटं वेचत होती. मी विचारलं, "वहिनी, हाई पट्टा काब्र सोडस?"

ती उठून उभी राहिली. माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी तिची थट्टा करतो आहे.

"ते तुम्हनं शे ना," ती म्हणाली. "त्यासनी पहिलेंगच सांगी ठेयेल व्हतं. बांधजोडेनं मास्तरनं शे, सात गुंठा. तठे आऊत लावानं नही, गवत बी आपला बैलसले घालानं नही."

ती पुढे म्हणाली, "माले वाटनं, तुम्हले मालूम शे. तुम्ही लिखनारा मानसं. मी काय सांगू?"

तेव्हा आठवलं. त्या दिवशी चौकाभोवती फेरी मारून झाल्यावर, बिडी विझवताना, तू एक विचारलं होतंस. हेच सात गुंठे बांधाच्या लांबीनं धरले तर रुंदीला किती येतील? आणि मी, हिशेब येतो म्हणून फुशारलेला मी, बोटांवर मोजून सांगितलं होतं, बांध चौदा दोऱ्या लांब, म्हणजे रुंदी अर्धी दोरी, आठ गाठी. तू "बरं" म्हणालास. का विचारतोस, असं मी विचारलंसुद्धा नाही.

मी घरी जाऊन दोरी आणली. सूर्य डोक्यावर होता, दोरी कोरडी होती. दुसरं टोक धरायला कुणाला बोलवावं असं वाटेना. बांधाच्या टोकाच्या खुणेच्या दगडाला टोक बांधलं आणि चालू लागलो. एक दोरी झाली की खुंटी ठोकायची, मागे यायचं, टोक सोडायचं, पुढे न्यायचं. चौदा वेळा. दुसऱ्या की तिसऱ्या दोरीला मी सवयीनं ओरडलो, "सोड!" तू असताना मी तसं ओरडलो की तू टोक सोडून पुढे यायचास ना, तसं. मागे वळून पाहिलं. दोरीचं टोक खुंटीलाच होतं. मी परत गेलो आणि सोडलं.

रुंदी गावाकडच्या टोकाला बरोब्बर आठ गाठी. नाल्याकडच्या टोकाला साडेआठ. सोळा आण्यांचा गुंठा धरला तर सात गुंठे साडेतीन आणे. नुसती चार पाभरींची रुंदी सोडून, डोळ्यांच्या अदमासानं, तू सात गुंठे मोजले होतेस. जिथं चुकलास तिथं माझ्या बाजूनं चुकलास.

मी नाल्याच्या टोकाला त्या वाळक्या गवतात बसलो. सगळं मोजणारा मी, ते गवत मात्र कधी मोजलं नाही. इतकी वर्षं तू माझे सात गुंठे माझ्यासमोर ठेवत होतास आणि मी तुला आळशी म्हणत होतो. एकदा तरी सांगायचं होतंस रे. तोंडावर मारायचं होतंस. 'हे घे तुझे सात गुंठे आणि आता तरी गाडीत बस,' इतकं म्हणाला असतास तर त्याच दिवशी दस्त झाला असता. का नाही म्हणालास? मला शरम वाटेल म्हणून? का मी कधीतरी स्वतः मोजीन असं तुला वाटत होतं? ही एक गोष्ट मला तुझ्यावर राग धरण्यासारखी वाटते आणि तीच मला झोपू देत नाही.

संध्याकाळी नथूला बांधावर आणला. तो यायला तयार नव्हता. दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि दोन्ही टोकांची रुंदी त्याच्या डोळ्यांसमोर मोजली.

"हाई गवत कोनं कापं?" मी विचारलं.

"मीच कापं."

"कितला वरीस?"

"जितला वरीस लोटनभाऊनी आवाज दिन्हा, तितला."

"मंग सात गुंठा कोनाकडे व्हतात, नथू?"

तो पायानं नांगरटीची कड चाचपत राहिला, जिथं तुझं वावर संपत होतं आणि गवत सुरू होत होतं. नथू वाईट नाही. दोन मुलांची काळजी माणसाला घाबरवते. त्यानं दोरी गुंडाळायला घेतली, गाठीवर गाठ नीट ठेवत, जशी तू गुंडाळायचास. मग म्हणाला, "कव्हय जानं शे नंदुरबारले?"

आठव्या दिवशी चावडीत मी ती दोन वाक्यं बोललो. अदलाबदल झाली आहे. त्रेचाळीस या बाईचा आहे. नथूनं मान डोलावली. साहेब म्हणाले, रजिस्टर दस्त आणा, फेरफार करून देतो. वहिनी चावडीबाहेर पायरीवर टेकली आणि पदरानं मान पुसली.

तर आता मसुदा ऐक. बेचाळीस नंबर, चार एकर बारा गुंठे, आत्माराम व नथू यांजकडे कायम. त्रेचाळीस नंबर, चार एकर एकोणीस गुंठे, मयत लोटन यांची विधवा भागाबाई यांजकडे कायम, तिच्यामागे तिच्या मुलीकडे. चतुःसीमा लिहिली आहे, दगडांसकट, लिंबासकट. आणि ज्या ओळीवर आपण इतकी वर्षं अडलो ती अशी, 'त्रेचाळीस नंबराचे सात गुंठे अधिक क्षेत्राबद्दल आम्ही दोघे भाऊ भरून पावलो असून याबाबत आमचा वा आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहिला नाही.'

सात गुंठे लिहिलेही आहेत, आणि ते कुणी मागूही शकणार नाही. आता देशील ना अंगठा?

वहिनीला सांगितलं आहे, यंदा पाभर बांधापर्यंत जाऊ दे. ती म्हणाली, "त्यासले चालई का?" मी म्हटलं, मी विचारतो. म्हणून विचारतो आहे. उत्तराची वाट पाहणार नाही, कारण ते मला माहीत आहे. उद्या सकाळी गाडीत ती पुढे बसेल, मी मागे बसेन. रस्त्यात बोलू, असं तू म्हणाला होतास. बोलायला तू नसशील, पण यावेळी गाडीत बसायला मी अडणार नाही.

आणि एक वचन देतो. येत्या मृगापासून माझ्या बेचाळिसात, या बांधाच्या माझ्या बाजूला, मी चार पाभरी सोडीन. सात गुंठे, आणि वर तुझे साडेतीन आणे. गवत वाढलं की वहिनीच्या गोठ्यात जाईल, मी स्वतः हाक मारीन. हा पट्टा कुठल्या दस्तात लिहिणार नाही, चावडीत सांगणार नाही, रनाळ्याच्या बाजारात तर नाहीच. कुणी म्हणालं, मास्तर आता थकला, बांधापर्यंत औत नेत नाही, तर म्हणू दे. फारच विचारलं तर सांगीन, गवतले बी जागा लागस.

दोरी तुझ्या चौकटीला टांगून आलो आहे. दुसरं टोक धरणारा मिळेपर्यंत तिथंच राहू दे.

तुझाच,
आत्माराम
(तू म्हणायचास तो मास्तर)